काशीच्या गल्ल्या आणि जुन्या फटफटीचा क्लच

काशीयात्रेहून परतणारा मराठी माणूस पूर्वी गंगेची कावड घेऊन येई आणि घरी आल्यावर चार दिवस घाटांच्या, देवळांच्या व पंडितांच्या गोष्टी सांगत बसे. महाराष्ट्राचे आणि काशीचे नाते तसे फार जुने आहे. पैठणहून तिकडे गेलेल्या भट घराण्याने काशीच्या पांडित्यात मानाचे स्थान मिळविले आणि त्याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. विश्वनाथाचे मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारले. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. या सर्वांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे आणि पुढेही बोलले जाईल. आजचा विषय मात्र त्याच गल्ल्यांत वावरणाऱ्या एका साध्या वस्तूचा आहे. तिला ग्रंथांत स्थान नाही आणि पुराणांत माहात्म्य नाही. पण ती नसेल तर काशीतील पुष्कळांची सकाळ उजाडून न उजाडल्यासारखीच होईल. ती वस्तू म्हणजे जुन्या मोटारसायकलीच्या, आपल्याकडील घरगुती शब्दात सांगायचे तर फटफटीच्या, पोटात दडलेल्या क्लचच्या तबकड्या.

एवढ्या क्षुल्लक वस्तूसाठी काशीपर्यंत कशाला जायचे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या नगरीच्या रचनेतच आहे. गोदौलिया, चौक, मैदागिन हे रस्ते सोडून माणूस आत वळला की गल्ल्यांचे एक जाळेच सुरू होते. कोठे दोन माणसे खांद्याला खांदा लावून जेमतेम जातील एवढी वाट, कोठे मध्येच दगडी पायऱ्या, कोठे एखादा नंदी भर वाटेत रवंथ करीत उभा. अशा वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्याच्या गतीने चालावे लागते. समोर पूजेचे साहित्य घेऊन निघालेली वृद्धा असेल तर तिच्या पावलाने, मागून अंत्ययात्रा येत असेल तर तिला वाट देत. घाई नावाचा पदार्थ तेथे विकत घेऊनही मिळत नाही.

आता यंत्राची अडचण पाहा. चालणारा माणूस ताशी चार-पाच किलोमीटर जातो. जुन्या साडेतीनशे सी.सी.च्या बुलेटचे इंजिन मंद ठेवून ती पहिल्या गिअरमध्ये सोडली, तरी साधारणपणे ताशी सात-आठ किलोमीटरच्या खाली ती सुखाने चालू शकत नाही. त्याहून हळू नेऊ पाहिले की इंजिन गचके खाते आणि बंद पडते. म्हणजे यात्रेकरूची गती आणि यंत्राची कमीत कमी गती यांत जो दोन-तीन किलोमीटरांचा फरक उरतो, तो कोणाला तरी सोसावा लागतो. तो सोसण्याचे काम क्लचचे. मुठीतील दांडी अर्धवट दाबून चालक गाडी हळूहळू पुढे सरकवितो, तेव्हा आत तबकड्या एकमेकींवर घसरत असतात आणि यंत्राचा अधीरपणा उष्णतेच्या रूपाने गिळीत असतात.

नागपूरहून जबलपूर, रेवा, मिर्झापूर या मार्गाने काशीला जाणाऱ्या रस्त्याला २०१० साली महामार्गांची नवी क्रमवारी लागेपर्यंत सातवा राष्ट्रीय महामार्ग म्हणत. काशीपासून थेट कन्याकुमारीपर्यंत जाणारा तो देशातील सर्वांत लांब महामार्ग होता. त्या शेकडो मैलांच्या प्रवासात एखाद्या स्वाराला क्लचची जितक्या वेळा गरज लागेल, त्याहून अधिक वेळा ती काशीत शिरल्यानंतरच्या शेवटच्या दोन मैलांत लागेल. म्हणून क्लचचे आयुष्य मैलांच्या दगडांवरून मोजण्यात अर्थ नाही. ते थांबण्याच्या आणि पुन्हा निघण्याच्या प्रसंगांवरून मोजायचे असते. माणसाच्या सोशिकपणाचेही तसेच आहे; तो किती वर्षे जगला यापेक्षा त्याला किती वेळा मन आवरावे लागले, यावर तो अवलंबून असतो.

क्लच म्हणजे काय, हे सोप्या शब्दांत सांगता येईल. इंजिन एकदा सुरू झाले की ते फिरतच राहणार. चाक मात्र कधी फिरेल, कधी थांबेल. सतत फिरणारे आणि कधीमधी थांबणारे यांची गाठ घालायची आणि हवी तेव्हा ती सोडवायची, हे त्याचे कार्य. त्यासाठी एका गोल डब्यात तबकड्यांची चवड रचलेली असते. एक पोलादी, एक घर्षणद्रव्य बसविलेली, पुन्हा एक पोलादी, अशी ती रांग. एका जातीच्या तबकड्यांचे कान बाहेरच्या डब्याच्या खाचांत अडकलेले असतात आणि तो डबा इंजिनाबरोबर साखळीने फिरतो. दुसऱ्या जातीच्या तबकड्यांचे दात आतल्या तुंब्यावर बसलेले असतात आणि तो तुंबा गिअरपेटीच्या आसाला जोडलेला असतो. वरून स्प्रिंगांचा दाब पडला की सारी चवड एकजीव होऊन फिरते. मुठीतील दांडी दाबली की तार ओढली जाते, एक बारीक सळई दाबपट्टीला मागे ढकलते, स्प्रिंगा दबतात आणि तबकड्या केसभर अंतराने सुट्या होतात. या केसभर अंतरावर सारा खेळ चालतो.

एका मोठ्या तबकडीऐवजी अनेक लहान तबकड्या का, हाही प्रश्न रास्त आहे. घर्षणाची पकड ही दाबावर, तबकडीच्या त्रिज्येवर आणि घासणाऱ्या पृष्ठभागांच्या संख्येवर ठरते. घर्षणद्रव्याच्या चार तबकड्या घेतल्या तर प्रत्येकीच्या दोन बाजू मिळून आठ पृष्ठभाग होतात, आणि तेवढ्याच दाबात दोन पृष्ठभागांच्या चौपट भार पेलता येतो. मोटारसायकलीच्या पोटात जागा थोडी. रुंदी वाढविता येत नाही म्हणून थर वाढविले. अरुंद वाट मिळाल्यावर घरे उंच बांधणाऱ्या काशीकरांनाही हीच युक्ती सुचली होती.

ज्या जुन्या गाड्या आज हौसेने जपल्या जातात, त्यांत आपल्या देशात तीन नावे प्रमुख आहेत. पहिले बुलेटचे. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीने मद्रासमधील उद्योजकांशी भागीदारी करून १९५५ साली एनफील्ड इंडियाची स्थापना केली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. पुढे त्यांचे सारे भागही येथेच बनू लागले. मूळ इंग्रजी कारखाना १९७० च्या सुमारास बंद पडला, पण तिचे भारतातील रोप जगले आणि त्याचा वृक्ष झाला. दुसरे नाव जावाचे. चेकोस्लोव्हाकियातील यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली जर्मन वांडरर कंपनीकडून मोटारसायकलीचे हक्क घेतले, आणि दोन्ही नावांची पहिली दोन अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव झाले. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून ती बनू लागली. १९७३ पासून ती ‘येझदी’ या नावाने विकली गेली आणि १९९६ साली तो कारखाना बंद झाला. तिसरी राजदूत, एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडमधील एका गाडीच्या आराखड्यावरून ती घडविली आणि खेड्यापाड्यांतील दूधवाले, शिक्षक व ग्रामसेवक यांच्या घरांत ती पोहोचली.

या तिन्ही गाड्यांचे क्लच तेलात बुडालेले असतात. बुलेटच्या जुन्या रचनेत इंजिन, साखळीची पेटी आणि गिअरपेटी ही तीन वेगवेगळी घरे, प्रत्येकाचे तेल वेगळे. जावाचे कुटुंब एकत्र. तेथे क्लच आणि गिअर एकाच तेलात नांदतात. जावाची आणखी एक गंमत अशी की तिला किक मारण्याची दांडी आणि गिअर बदलण्याची दांडी एकच. शिवाय पायाने गिअर बदलण्यासाठी ती दाबली की आतल्या योजनेमुळे क्लच आपोआप सुटतो. नवशिक्याला हे वरदान वाटते; पण या सोयीचे समायोजन जरा चुकले की गिअर टाकताना क्लच पुरता सुटत नाही, आणि वरदानाचा शाप होतो.

घर्षणासाठी त्या काळात जे द्रव्य वापरले जाई, ते ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. जावासारख्या अनेक गाड्यांच्या तबकड्यांत भोके पाडून त्यांत चक्क बुचाचे तुकडे बसविलेले असत. बाटलीच्या तोंडाला लागते तेच हे बूच. भूमध्य समुद्राकाठच्या, विशेषतः पोर्तुगाल व स्पेन येथील एका जातीच्या ओक वृक्षाची ती साल. झाड साधारण पंचवीस वर्षांचे झाल्यावर ती प्रथम काढतात आणि मग सुमारे दर नऊ वर्षांनी. झाड मात्र तोडीत नाहीत. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सूक्ष्मदर्शकातून बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या चिमुकल्या कोठड्यांचे वर्णन केले आणि त्यांना जो शब्द योजला, तोच पुढे जीवशास्त्रात पेशी या अर्थाने रूढ झाला. त्या हवाबंद कोठड्यांमुळे बूच दाबले तर दबते, सोडले तर फुगते, आणि तेलात भिजूनही त्याची पकड सुटत नाही. पोलादाला जे जमले नाही, ते झाडाच्या सालीला जमले. तिचा शत्रू एकच, अतिरिक्त उष्णता. फार घसरू दिले तर बूच करपते, काळे पडते आणि आरशासारखे गुळगुळीत होते. मग स्प्रिंगांनी कितीही दाबले तरी ते धरीत नाही.

क्लचचे दुखणे दोन प्रकारचे असते, आणि वैद्याने वात-पित्त ओळखावे तसे जाणत्या मिस्त्रीला ते प्रथम ओळखावे लागते. पहिले दुखणे घसरण्याचे. चढावर किंवा भार घेऊन जाताना इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. जुन्या गाड्यांत किकची शक्तीही क्लचमधूनच इंजिनापर्यंत जात असल्याने, किक मारली असता पाय सरळ खाली जातो आणि इंजिन जागचे हलत नाही. दुसरे दुखणे याच्या नेमके उलट, चिकटण्याचे. दांडी पूर्ण दाबली तरी गाडी पुढे सरकू पाहते, गिअर टाकताना खडखडाट होतो आणि उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही. जुन्या बुलेटला यासाठी न्यूट्रल शोधणारी एक लहानशी वेगळी दांडी दिलेली असे. पहिला सोडून कोणत्याही गिअरमधून टाचेने ती दाबली की न्यूट्रल मिळे. पण क्लचच चिकटला असेल तर ती तरी काय करणार!

पहिल्या दुखण्यावर सर्रास केला जाणारा उपचार म्हणजे नव्या तबकड्या टाकणे. हा उपचार पुष्कळदा अकाली आणि कधी कधी निष्कारण असतो. घसरण्याचे सर्वांत स्वस्त कारण म्हणजे तार अति ताणलेली असणे. दांडीशी दोन-तीन मिलिमीटर मोकळीक नसेल तर सळई दाबपट्टीला सतत थोडी रेटून धरते आणि स्प्रिंगांचा पुरा दाब तबकड्यांवर पडतच नाही. तबकड्या झिजत जातात तसतशी ही मोकळीक आपोआप कमी होत जाते, म्हणून ती वरचेवर तपासावी लागते. दुसरे कारण तेलाचे. आधुनिक मोटारींसाठी बनविलेल्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. मोटारीच्या इंजिनाला ती हितकर. पण जेथे तेलातच क्लच बुडालेला असतो तेथे ती घातक. याच कारणाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मोटारसायकलींच्या तेलासाठी वेगळे मानक ठरविण्यात आले आणि ‘जासो एम.ए.’ ही खूण डब्यावर छापली जाऊ लागली. महागडे तेल म्हणजे चांगले तेल, हा समज येथे खोटा ठरतो.

दोन्ही कारणे निवारूनही दुखणे राहिले, तर मात्र पेटी उघडावी लागते. गाडी सपाट जागी भक्कम उभी करून साखळीच्या पेटीतील तेल एका स्वच्छ भांड्यात काढतात. त्या तेलाचा रंग आणि वास पुष्कळ काही सांगून जातो. करपट वास असेल तर तबकड्या भाजल्या आहेत, आणि तळाशी चकाकणारा चुरा असेल तर कोठे तरी पोलाद झिजते आहे. पायटा आणि झाकण काढल्यावर क्लचचा डबा दिसतो. स्प्रिंगांची मळसूत्रे एकदम एक पुरी आणि मग दुसरी अशी काढायची नसतात. पाळीपाळीने थोडी थोडी सैल करायची असतात, नाहीतर दाबपट्टी तिरकी होऊन अडकते. मग एकेक तबकडी काढून फडक्यावर त्याच क्रमाने मांडून ठेवावी. परत बसविताना या क्रमाचाच आधार असतो, आणि तो मोडला की नुसत्या तर्काने तो पुन्हा लागत नाही. काही गाड्यांत सळईच्या टोकाशी पोलादी गोळी असते. ती घरंगळून हरवली तर क्लच लागेल, पण सुटणार नाही.

रॉकेलने धुतलेल्या भागांची आता परीक्षा. घर्षणद्रव्याची जाडी मोजून ती निर्मात्याच्या पुस्तकातील मर्यादेशी ताडून पाहावी. पोलादी तबकडी काचेच्या तावदानावर ठेवून कडेखाली फटी मापण्याची बारीक पाती घालून पाहावी. पाती सहज शिरली तर उष्णतेने तबकडी वाकली आहे असे समजावे, आणि अशी तबकडी नव्या तबकड्यांच्या शेजारीही निकामीच. स्प्रिंगा एका ओळीत उभ्या करून पाहाव्यात. एखादी बुटकी आढळली तर तिच्या एकटीच्या जागी नवी न घालता सगळा संच बदलावा, कारण विषम दाब हा कमी दाबाहूनही वाईट. सर्वांत शेवटी पाहावयाची, आणि बहुतेकांकडून पाहायची राहून जाणारी गोष्ट म्हणजे डब्याच्या खाचा. वर्षानुवर्षे तबकड्यांचे कान एकाच जागी आपटून तेथे लहान लहान खळगे पडतात. दांडी दाबल्यावर तबकड्या सरकून सुट्या व्हायच्या, त्या या खळग्यांत अडकतात. मालक नव्या तबकड्यांना दोष देतो आणि खरा अपराधी डबा नामानिराळा राहतो. खळगे उथळ असतील तर बारीक कानशीने ते सपाट करता येतात. खोल असतील तर डबाच बदलावा लागतो.

बूच करपले नसून नुसते गुळगुळीत झाले असेल, तर काचेवर काचकागद पसरून त्यावर तबकडी हलक्या हाताने गोलाकार घासतात आणि पृष्ठभाग पुन्हा जागा करतात. बुचे झिजली असतील तर जुने कारागीर नवी बुचे कापून, गरम पाण्यात मऊ करून, भोकांत दाबून बसवितात आणि सुकल्यावर सर्वांची उंची एकसारखी होईपर्यंत घासतात. यात अर्धा दिवस जातो. तयार तबकड्यांचा नवा संच बाजारातून आणला तर तासाभरात काम होते. कोणते करावे, याला एकच उत्तर नाही. रोज गल्लीत फिरणाऱ्या गाडीला आधुनिक द्रव्याच्या टिकाऊ तबकड्या अधिक हितकर. पण जुन्या तबकडीचे पोलाद निर्दोष असेल तर नुसती बुचे बदलणे हे काटकसरीचेही आहे आणि कलेचेही. ठठेरी बाजारातील कारागीर पितळेचे चेपलेले भांडे ठोकून पुन्हा गोल करतो, तेव्हा तो जे करतो तेच हे.

या घासण्यासंबंधी एक गंभीर सूचना केलीच पाहिजे. जुन्या काळच्या अनेक घर्षणद्रव्यांत, विशेषतः ब्रेकच्या पट्ट्यांत आणि काही क्लचच्या अस्तरांत, ॲस्बेस्टॉस असे. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात आणि दहा, वीस, तीस वर्षांनंतरही दुर्धर रोग उत्पन्न करतात. तेलात बुडालेल्या तबकडीची धूळ एरव्ही उडत नाही. पण ती धुऊन, सुकवून काचकागदाने घासली की उडते. म्हणून मूळ अस्तर कशाचे आहे याची खात्री नसेल तर ते कोरडे घासू नये, तोंडाने किंवा हवेच्या झोताने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावे आणि अस्तर बदलून टाकावे. दुकानात हाताखाली काम शिकणाऱ्या पोराकडे धूळ झटकण्याचे काम सोपविण्याची आपल्याकडे रीत आहे. जुन्या गाडीचे आयुष्य वाढविताना त्या पोराचे आयुष्य कमी होणार असेल, तर ती हौस फार महाग पडली असे म्हणावे लागेल.

नव्या किंवा दुरुस्त तबकड्या कोरड्या बसवीत नाहीत. त्या रात्रभर तेलात भिजत ठेवतात. मग मूळ क्रमाने रचून, स्प्रिंगांची मळसूत्रे सारख्या वेढ्यांनी आवळून, दांडी दाबीत दाबपट्टीकडे पाहतात. ती सगळीकडून समांतर उचलली गेली पाहिजे. एका बाजूने आधी उचलली गेली तर त्या बाजूचे मळसूत्र थोडे आवळावे लागते किंवा समोरचे सैल करावे लागते. हे काम डोळ्यांचे आणि धीराचे. घाईने झाकण लावणाऱ्याला ते आठ दिवसांत पुन्हा उघडावे लागते. झाकण लावून ठरलेल्या पातळीपर्यंत तेल भरले, तारेची मोकळीक जमविली, म्हणजे शस्त्रक्रिया संपली. पुढचे पथ्य चालकाने पाळायचे. चौकात थांबावे लागले तर गिअरमध्ये दांडी दाबून ताटकळण्यापेक्षा न्यूट्रल करावे. चढावर अर्धवट क्लचवर गाडी तोलून धरण्यापेक्षा ब्रेक वापरावा. आणि पावसाळ्यात, गंगेचे पाणी घाटांच्या पायऱ्या गिळून खालच्या गल्ल्यांत शिरते त्या दिवसांत, गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली असेल, तर ती सुरू करण्यापूर्वी दांडी दाबून चार-सहा वेळा किक मारावी. एकमेकींना चिकटलेल्या तबकड्या त्याने सुट्या होतात.

येथवर यंत्राचे झाले. पण या साऱ्या खटाटोपाला एक मोठा प्रश्न चिकटलेला आहे. जी गाडी पन्नास-साठ वर्षांची झाली, जिच्या तबकड्या, तारा, टायर, साखळ्या अनेकदा बदलल्या गेल्या, ती मूळची गाडी राहिली काय? हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नाही. आता तो कायद्याचाही आहे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी व चारचाकी वाहने तीत येतात. मात्र ती मूळ स्वरूपात असावीत आणि सांगाडा, बांधणी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात ‘व्ही.ए.’ ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, संशोधन, दुरुस्ती वा इंधन भरणे यांसाठी रस्त्यावर आणता येते; रोजच्या कामासाठी किंवा व्यवसायासाठी नाही.

नियम समंजस आहे, कारण झिजणाऱ्या भागांकडे बोट न दाखविता तो सांगाडा आणि इंजिन यांच्याकडे पाहतो. क्लचच्या तबकड्या बदलल्याने गाडीचे मूळपण जात नाही. पण त्यातून जुन्या गाड्यांचे दोन आश्रम निर्माण होतात. एक संग्रहालयातील, दुसरा संसारातील. मानाचा क्रमांक मिरविणारी गाडी गल्लीत दूध पोहोचवू शकणार नाही. आणि जी पोहोचवते, तिला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी योग्यतेची तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. पहिलीचा क्लच झिजणार नाही, कारण ती चालणार नाही. दुसरीचा झिजेल, कारण ती चालते. या दोहोंत अधिक जिवंत कोणती, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे. एवढे खरे की, केवळ पहिल्या प्रकारच्या गाड्या उरल्या तर बुचे कापणारा, खाचा कानसणारा आणि आवाजावरून दुखणे ओळखणारा कारागीर उरणार नाही. त्याची विद्या पुस्तकात नाही, हातात आहे. आणि हाताला काम नसेल तर अशी विद्या एका पिढीत विसरली जाते. काशीत पंडित मदनमोहन मालवीय यांच्या हिंदू विश्वविद्यालयात १९१९ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. आज ते भारतीय प्रौद्योगिकी संस्था म्हणून नावाजले आहे. तेथील घर्षणशास्त्र आणि बाहेरच्या गल्लीतील मिस्त्रीचे बोट एकाच सत्याला स्पर्श करीत असतात. दोघांची गाठ पडावी, आणि गल्लीतले ज्ञान लिहून ठेवले जावे, ही अपेक्षा गैर नाही.

काशीपासून अवघ्या काही मैलांवर सारनाथ आहे. गौतम बुद्धाने तेथे पहिला उपदेश केला आणि त्या उपदेशाला चक्राची उपमा मिळाली. पुढे बौद्ध परंपरेत ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ झाला. त्यात नागसेन नावाचा भिक्षू यवन राजा मिलिंदाला त्याच्याच रथाविषयी विचारतो. रथ म्हणजे चाके काय, आस काय, जू काय? राजा एकेक भाग नाकारीत जातो, आणि अखेर रथ हे या साऱ्यांच्या जुळणीला दिलेले नाव आहे असे त्याला मान्य करावे लागते. जुन्या फटफटीविषयीही तेच म्हणता येईल. एखादा भाग म्हणजे गाडी नव्हे. पण नागसेनाच्या रथाला नसलेली एक गोष्ट या गाडीत आहे. तिच्या कर्त्यांनी तिच्यात एक भाग जाणूनबुजून झिजण्यासाठी ठेवला. तबकड्या झिजाव्यात, म्हणजे गिअरचे दात तुटणार नाहीत. त्या घसराव्यात, म्हणजे साखळी तुटणार नाही. त्या तापाव्यात, म्हणजे समोर चालणाऱ्या वृद्धेला धक्का लागणार नाही.

झिजणारा भाग वेळच्या वेळी बदलला जावा आणि टिकणाऱ्या भागाला त्याने आयुष्य द्यावे, हा यंत्राचा धर्म आहे. काशी नगरीही याच धर्माने जगत आली. तिची देवळे अनेकदा पडली आणि पुन्हा उभी राहिली, घाट खचले आणि पुन्हा बांधले गेले, वाटा बदलल्या. २०२१ च्या डिसेंबरात विश्वनाथाच्या मंदिराभोवतीच्या दाट वस्तीतून गंगेपर्यंतचा नवा मार्ग खुला झाला, तेव्हा काही जुन्या गल्ल्या नाहीशाही झाल्या. काय बदलावे आणि काय राखावे, हा प्रश्न नगरीपुढेही आहे आणि मिस्त्रीपुढेही. मिस्त्री त्याचे उत्तर फडक्यावर मांडलेल्या तबकड्या एकेक करून हातात घेऊन देतो. आधी धुतो, मग मोजतो, उजेडात धरून पाहतो, आणि मगच ठरवितो. कोणतीही जुनी गोष्ट टाकून देण्यापूर्वी एवढे तरी करावे, हे त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.